बॅगेत मावेल तेवढी हवा

३ मे

आणि मी काय हवामान खात्यात नोकरीला लागलोय? फोन लावला की पहिला प्रश्न तोच. "तिकडे हवा कशी आहे रे?" जेवलास का, हा प्रश्न दुसरा. काल तेच, परवा तेच. आज मी म्हटलं, "आई, हवा आहे तशी आहे, तू माझं विचार." तर म्हणे, "तोंड वाकडं करू नकोस. तुझे बाबा विचारतायत." मग बाबांना तोंड नाही? मागून खोकत होतं ते कोण होतं?

पण नाही. दोन वर्षं झाली, आमचं बोलणं बंद आहे. मी निघालो तेव्हा ते स्वेटर घेऊन दारात उभे होते. तिकडच्या हवेचा भरवसा नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही, हा घेऊन जा. मी तो परत खुंटीला अडकवला. बाहेर चटके बसत होते आणि हातात स्वेटर! तर म्हणाले, "जा मग तसाच. पुन्हा मला काही विचारू नकोस." मीही विचारलं नाही. लोक जमिनीवरून भांडतात, आम्ही स्वेटरवरून भांडलो. त्याच्या आधी महिनाभर सायकलींच्या दुकानावरून वाजलं होतं ते वेगळं. मी दुकानात बसावं असं त्यांचं म्हणणं. मला जेवायला बसवत नाही, मी दुकानात काय बसणार? इथे सगळे मला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही.

लिहायची गोष्ट ही की सुट्टी मंजूर झाली. एकोणीस तारखेपासून दहा दिवस. आईला सुट्टीचं सांगितलं, घरी येतोय हे सांगितलं नाही. मागच्या खेपेला येतो म्हणालो आणि ऐन वेळी मुकादमांनी सुट्टी कापली. तेव्हा आई म्हणाली, "असू दे रे, बाबा सहज स्टँडवर गेले होते, संध्याकाळी आले परत." सकाळी जाऊन संध्याकाळची गाडी येऊन गेल्यावर परत! सहज म्हणून इतका वेळ कोण बसतं? त्यांचं तिथे कुणाकडे तरी काम असणार.

या वेळी गाडीत बसल्याशिवाय ब्र काढणार नाही.

५ मे

बॅग घेतली. निळी, दोन चेनवाली. आचारी म्हणाला, "यात मी मावेन." आचारी म्हणजे माझा खोलीतला सोबती, एका मोठ्या कँटीनमध्ये दीडशे माणसांचं रांधतो आणि उरलेला वेळ माझी टर उडवतो.

मी लोकांची अख्खी घरं बांधतो. कपाट, काच, आरसे, आजोबांच्या कवळ्या, सगळं खोक्यात घालून दुसऱ्या गावात जसंच्या तसं उतरवतो. दोन वर्षांत माझ्या हातून एक कप फुटलाय, आणि तो आधीच तडकलेला होता. तेव्हा माझी एक बॅग भरायला कितीसा वेळ लागणार, असं वाटलं होतं.

पण मे महिन्यात आमच्या घरी काय घालतात तेच आठवेना. आमचं घर खिंडीच्या तोंडाशी आहे. तिथे सकाळी बनियन, दुपारी तेही नको, चार वाजता वारा सुटला की दोन शर्ट, आणि गारा पडल्या तर डोक्यावर पाट. धाकटीला, म्हणजे बहिणीला, आडून विचारलं, "काय गं, उकाडा आहे का?" ती म्हणाली, "दादा, आग आहे आग." मागून आई ओरडली, "आग कसली, रात्री गोधडी लागते!" मग दोघींचंच जुंपलं. माझे फोनचे पैसे गेले.

म्हणून ठरवलं, सगळ्याची सोय करायची. सुती शर्ट चार, जाड शर्ट दोन, पावसाचा कोट, कानटोपी, चड्ड्या, चपला आणि बूट. भरलं. अर्धी बॅग रिकामी राहिली.

आमच्या धंद्यात हे चालत नाही. मुकादम म्हणतात, खोक्यात पोकळी दिसली की आधी ती भरा, मग माझ्याकडे बघा. पोकळी राहिली की माल हलतो आणि हलला की गेला. म्हणून आणखी दोन शर्ट घातले. तेही हलत होते.

६ मे

उकाडा. काही नाही.

८ मे

आता काहीतरी शिजतंय. आज आईनं हवेनंतर विचारलं, "तुमच्या खोलीला जिने किती?" म्हटलं, तिसरा मजला. ती फोनवर हात ठेवून कुणाला तरी म्हणाली, "तिसरा." मग विचारलं, "जिन्याला कठडा आहे का? संडास आत आहे की बाहेर? जास्तीची गादी आहे का?"

आचाऱ्याला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला. "भिंगरी, तुझं काही खरं नाही. मुलगी बघितलीय त्यांनी. मुलीकडचे विचारत असतील, कठडा आहे का, संडास आहे का. आमच्या ताईच्या वेळी बापानं नळाला पाणी किती वाजता येतं तेही विचारलं होतं."

"पण कठडा कशाला?"

"मुलगी नाजूक असेल."

मला दरदरून घाम फुटला. मी अजून एका जागी सलग तासभर उभा राहिलेलो नाही, मी लग्नात काय उभा राहणार? पण रात्री पांढरा शर्ट धुऊन बॅगेत घातला. उगाच आपला. पांढरा शर्ट कुठल्याही हवेत चालतो.

९ मे

आईला स्पष्ट सांगितलं, "मला न विचारता काही ठरवायचं नाही."

तिनं फोनवर हात ठेवला. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

म्हणजे खरंच आहे!

"कुणी सांगायला कशाला पाहिजे, मला कळत नाही का? माझी तयारी नाही. जागा बघ केवढीशी, त्यात आचारी घोरतो."

"घोरण्याचं काही नाही," आई म्हणाली, "घोरण्याची सवय आहे."

कुणाला सवय आहे? मुलीला? बघायच्या आधी यांना तिच्या झोपेची माहिती! मी फोन ठेवला.

११ मे

आज एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर बांधलं. आजी म्हणत होत्या, लोकरीचे कपडे सगळ्यात वर ठेवा. आजोबा म्हणाले, "अगं, उन्हाळा आहे." आजी म्हणाल्या, "तो इथे. तिथे असेलच असं तुम्हाला कुणी लिहून दिलंय?" मग आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग बाबा, तू रोजचा माणूस." मी म्हटलं, लोकरीचे वर ठेवू आणि सुती कडेनं खोचू, म्हणजे कुणीही जिंकलं तरी खोकं एकदाच उघडायचं. दोघंही खूश. आजींनी मला त्यांच्या नातवाच्या चांगल्यापैकी पँटी दिल्या. नातू लठ्ठ असणार. पण पोकळी भरायला बऱ्या.

ही डायरीसुद्धा अशीच एका घरात टाकून दिलेली होती, कोरी. वर्ष जुनं आहे, वार जुळत नाहीत, म्हणून मी वार लिहीत नाही. तारखा मात्र पक्क्या.

खोक्यांवर आम्ही आत काय आहे ते लिहितो, आणि माल दाराशी लावून ठेवतो. दाराशी जे बांधून ठेवलंय ते उचलायचं आणि गाडीत द्यायचं. विचारत बसायचं नाही. मुकादमांचा तो दुसरा नियम.

१३ मे

आज पुन्हा हवा. मी इतका वैतागलो होतो की म्हटलं, "बर्फ पडतोय."

"मे महिन्यात?"

"हो. काल पाऊस होता, उद्या वावटळ येणार आहे, आणि दुपारी ऊन असं पडतं की डांबर चपलेला चिकटतं. झालं समाधान?"

आई माझं सगळं जसंच्या तसं मागे सांगत होती. "बर्फ म्हणतोय. पाऊस. वावटळ. अहो, आता सगळंच घ्यावं लागेल." मग मला म्हणाली, "तुला नाही रे, इकडचं बोलणं चाललंय."

मग धाकटी फोनवर आली, दबक्या आवाजात. "दादा, बाबांनी केस कापलेत. आणि दुकानाला नवीन कुलूप आणलंय."

मी म्हटलं, "का? चोऱ्या व्हायला लागल्या का?"

"तू ना दादा," ती म्हणाली, "तू खोकीच बांध."

बावीस वर्षांत त्या दुकानाला कुलूप बघितलं नाही मी. बाबा तापानं फणफणलेले असले तरी उघडून बसतात. चोऱ्या खूपच वाढलेल्या दिसतात. आणि केस कापलेत ते मुलीकडच्यांसाठी, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

१४ मे

तिकीट काढलं. एकोणीसची सकाळ, खिडकीची जागा. आमच्याकडे जाणारी गाडी एकच आहे. रात्री तिकडून सुटते, सकाळी इथे पोचते, झाडून-पुसून तासाभरात तीच परत जाते. तिकीटवाला म्हणाला, "ऐन वेळी रद्द केलंत किंवा गाडी चुकवलीत तर अर्धेच परत मिळतील." मी म्हटलं, "रद्द करायला मी काय वेडा आहे?"

१६ मे

बॅगेची चेन लागत नाहीये.

कारण असं की बाजारातून पान्यांचा संच आणला. लोखंडी डबीत बारा पाने, मोठ्यापासून करंगळीएवढ्यापर्यंत. दोन दुकानं सोडून तिसऱ्यात चांगला मिळाला. बाबांच्या जवळचे पाने इतके झिजलेत की नटाला लागण्याऐवजी बोटाला लागतात. पण हे काही त्यांच्यासाठी आणलंय असं नाही. बोलत नाही त्या माणसासाठी कोण कशाला काय आणेल? बॅगेत मधोमध पोकळी होती आणि तिथे काहीतरी वजनदार हवं होतं, म्हणून आणलं.

आचारी म्हणाला, "पोकळी भरायला चादर चालली नसती?"

"चादर हलते."

"बरं," तो म्हणाला, आणि बराच वेळ माझ्याकडे बघून हसत राहिला. त्याचं सगळंच तसं.

संच बसवायला एक जाड शर्ट काढला. मग कानटोपी काढली. मग वाटलं गारा पडल्या तर, म्हणून कानटोपी घातली आणि बूट काढले. मग चिखल आठवला. शेवटी आचारी बॅगेवर बसला आणि मी चेन ओढली. लठ्ठ नातवाच्या पँटी बाहेर राहिल्या, त्या आचाऱ्याला बरोब्बर झाल्या. बॅगेला चारी बाजूंनी सुतळी आवळली, कोपऱ्यांना पुठ्ठा लावला. इतकी देखणी बांधणी मी गिऱ्हाइकाचीसुद्धा केलेली नाही.

स्वेटर नाहीच. स्वेटर घरी खुंटीवर आहे, तिथेच राहू दे. गेल्यावर गार वारा सुटला तर बघू. मागणार मात्र नाही. त्यांनी दिला तर घालेन.

१८ मे

लिहायला लाज वाटतेय.

बॅग आज कामावरच नेली. गोदाम स्टँडच्या शेजारी आहे, तेव्हा उद्या तीन मजले तिला उतरवण्यापेक्षा तिथूनच सुटू, असा विचार. दाराशी ठेवली आणि एका दंतवैद्याचं सामान लादायला लागलो. घाई होती. दाराशी जे होतं ते मी उचलून देत होतो, ट्रकवर मुकादम लावून घेत होते. एकदा ते वरून म्हणालेसुद्धा, "ही निळी कुणी बांधली रे? काम सुबक आहे." मी मान ताठ करून म्हटलं, "मी!"

ट्रक गेला. दुपारी पाणी प्यायला बसलो तेव्हा दार मोकळं दिसलं.

मुकादमांनी ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, बॅग खुर्चीखाली सगळ्यात आत आहे, आणि इतकी घट्ट बसलीय की जराही हलत नाही. चार दिवसांनी परत येताना आणतो. मुकादम आधी ओरडणार होते, पण त्यांना हसूच आवरेना. "भिंगरी," म्हणाले, "स्वतःलाच पाठवून दिलंस की रे दुसऱ्या गावाला!"

पंधरा दिवस मी जी बॅग भरत होतो ती दातांच्या खुर्चीखाली निघून गेली. अंगावरच्या कपड्यांनिशी घरी जायचं आता. आणि पान्यांचा संच? रिकाम्या हातानं कसा जाऊ मी? म्हणजे आईसाठी, धाकटीसाठी.

आचारी म्हणाला, "जा तसाच." दोन वर्षांपूर्वी बाबाही हेच म्हणाले होते. तेव्हा कसा ताडकन निघालो. आज पाय उचलत नाहीये.

१९ मे

गेलो तरी. सकाळी आठलाच स्टँडवर ऊन मी म्हणत होतं. अंगात पांढरा शर्ट (तो एवढा बॅग बांधायच्या आधी काढून इस्त्रीला दिला होता म्हणून वाचला), खिशात तिकीट, हात मोकळे. गाडी आली. लोक उतरायला लागले. मी खिडकीतल्या माझ्या जागेकडे बघत होतो, कुणी रुमाल टाकून ठेवू नये म्हणून.

आणि दारातून माझा स्वेटर उतरला.

आधी स्वेटरच दिसला, तपकिरी, कोपराला वेगळ्या लोकरीचं ठिगळ असलेला. मग त्याच्या वरचा मफलर. मग हातावर पावसाचा कोट, काखेत छत्री, पाठीला गोधडीची गुंडाळी. उतरणारी माणसं वळून वळून बघत होती. त्या सगळ्याच्या आत, घामानं निथळणारे, नवीन केस कापलेले, बाबा होते.

मी जागच्या जागी उभा. एका जागी सलग इतका वेळ मी पहिल्यांदाच उभा राहिलो असेन.

त्यांनी मला बघितलं. इकडे तिकडे बघितलं. पुन्हा मला बघितलं. मग म्हणाले, "बर्फ कुठाय?"

दोन वर्षांनी पहिला शब्द हा.

"वितळला," मी म्हटलं.

त्यांनी मफलर काढला. "घ्यायला आलास? तुला कुणी सांगितलं? धाकटीनं फोडलं ना?"

खिशात तिकीट होतं. तोंडापर्यंत आलं होतं की मी निघालो होतो तुमच्याकडे. पण त्यांनी असं विचारलं, घ्यायला आलास, आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी म्हटलं, "नाही. सहज आलो होतो."

"सहज," ते म्हणाले. "बरं."

त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला गेलो तर सोडेनात. शेवटी एक बंद त्यांच्या हातात, एक माझ्या, असे निघालो. मागे गाडी हॉर्न वाजवत होती आणि कंडक्टर माझ्याच जागेचा नंबर ओरडत होता. बाबा म्हणाले, "कुणीतरी राहिलेलं दिसतंय." मी म्हटलं, "असेल."

गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत काळोखून आलं, गार वारा सुटला आणि ताडताड गारा पडायला लागल्या. पत्र्याखाली उभे राहिलो. मी पांढऱ्या शर्टात कुडकुडत होतो. बाबांच्या तोंडावर असं समाधान मी त्यांना सायकलीचे पैसे रोख मिळाल्यावरसुद्धा बघितलेलं नाही. "मी काय सांगत होतो?" म्हणाले. "दोन वर्षं झाली सांगून." त्यांनी स्वेटर काढला. दिला नाही, नुसता पुढे धरला, आकाशाकडे बघत.

मी घातला. आतून ऊबदार होता, आणि घामट.

तिसऱ्या मजल्यावर चढताना ते कठडा धरून दर वळणावर थांबत होते, गुडघा दुखतो म्हणून. आईनं कठड्याचं का विचारलं ते तिथे डोक्यात शिरलं. मुलगी नव्हतीच. जरासं वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

विचारलं, कसं काय आलात. म्हणाले, "दाढ दाखवायचीय. इथे दंतवैद्य चांगले आहेत म्हणतात." मी म्हटलं, "एक कालच गाव सोडून गेला." त्यांना कळलं नाही.

२० मे

रात्रभर आचारी एका सुरात आणि बाबा दुसऱ्या. सवय आहे म्हणाली होती आई, खरंय.

२२ मे

बॅग आली. मुकादमांनी कामाच्या माणसाबरोबर खोलीवर पाठवली. मी भांडी घासत होतो, बाबांनी दार उघडलं. "हे काय?"

मी काही बोलायच्या आत आचारी पडल्या पडल्या म्हणाला, "त्याचीच. अहो काका, तो तर तुमच्याकडे निघाला होता! एकोणीसचं तिकीट काढलं होतं. पंधरा दिवस बॅग भरत होता. पाने आणलेत तुमच्यासाठी. तुम्हाला बोललाच नाही? मेला, मला वाटलं बोलला असेल."

बाबा सुतळी सोडत बसले. गाठ कापायची नाही, सोडायची, ही त्यांची जुनी खोड. पुठ्ठे काढले, कपडे काढले, एकावर एक ठेवले. मधोमध डबी लागली. उघडून एकेक पाना बोटानं तपासला. सगळ्यात बारका उजेडाकडे धरला.

"म्हणजे मी एक दिवस थांबलो असतो तर?"

"तर मी आलो असतो."

"आणि तू एक दिवस आधी निघाला असतास तर?"

"तर तुम्ही दुकानातच असता."

"म्हणजे कुलपाचे पैसे फुकट गेले." बारका पाना परत डबीत ठेवला. मग खाली बघूनच म्हणाले, "सहज काय रे?"

"तुम्हीही मागे सहजच बसला होतात ना स्टँडवर?"

त्यावर त्यांनी आचाऱ्याची सायकल कुठाय ते विचारलं आणि पाने घेऊन तीन मजले उतरून गेले. गुडघा काही दुखला नाही.

२४ मे

आचाऱ्याची सायकल झाली, घरमालकाची झाली, शेजारच्या दोघांच्या झाल्या. जिन्याखाली रांग लागलीय. दुकान सोडून आलेला माणूस जिन्याखाली दुकान मांडून बसलाय आणि मला म्हणतोय, "बस जरा इथे, चाक धर." बसलो. तासभर होतो वाटतं. नंतर उठलो, पण तासभर बसलो.

दाढेचं विचारलं तर म्हणाले, "कुठली दाढ?"

संध्याकाळी आईचा फोन. पहिला प्रश्न, "तिकडे हवा कशी आहे?" मी म्हटलं, "आता तूच येऊन बघ. धाकटीला घेऊन ये, दुकान तसंही बंद आहे." ती म्हणाली, "अगं बाई, कपडे काय घेऊ मग?" बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. माझ्या हातातून! ओरडून म्हणाले, "गोधडी घे, छत्री घे, पातळ लुगडी घे. इथे दुपारी एक असतं आणि चारला दुसरं. आणि पोकळी ठेवू नकोस, हा म्हणतो सामान हलतं."

उद्या सकाळी आधी पैसे पाठवायला जातो. दोघींची तिकिटं, वाटेत खायला, आणि हवेचा भरवसा नाही म्हणून थोडे जास्त. माझ्या तिकिटाचे अर्धे परत मिळाले ते त्यातच घातले, आणि सायकलींचे मिळालेले बाबांनी बळंच कोंबले, रिकामी जागा भरायला म्हणे. पाठवतोय: दोन हजार तीनशे.